राखीव सीट कोणाची? एका टक्क्याचा आणि एका पाटीचा इतिहास

निगडी-तळेगाव मार्गावरची एक बस डोळ्यांसमोर आणा. 'दिव्यांगांसाठी राखीव' असं लिहिलेल्या सीटवर पंचविशीतला एक मुलगा बसलाय. हातपाय शाबूत, अंगात कंपनीचा युनिफॉर्म, मांडीवर डब्याची पिशवी. समोर एक आजोबा दांडा धरून उभे आहेत. दोन-तीन स्टॉप जातात आणि कोणीतरी बोलतंच, "चांगला धडधाकट आहेस की, ऊठ ना."

मुलगा उठेल किंवा उठणार नाही. त्याला सिकलसेल असेल, नाहीतर तो नुसताच दमलेला असेल. आपल्याला माहीत नाही. पण तो धडधाकट आहे हे त्या बोलणाऱ्याला कसं कळलं? 'बघून कळलं' एवढंच याचं उत्तर आहे. अपंगत्व बघून कळतं हा विश्वास इतका पक्का कसा झाला, त्याला कोणते कायदे, कोणते तक्ते आणि कोणती चित्रं कारणीभूत आहेत, हे आज बघू. थोडक्यात सांगायचं तर बसमध्ये एकमेकांना जोखताना आपण नकळत शंभर वर्षं जुनी मोजपट्टी वापरतो. कायदा ती पट्टी ओलांडून बराच पुढे गेलाय. आपली नजर मात्र अजून तिथेच आहे.

हा विषय निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना 'वर्गवारी' आणि 'मोजमाप' हे शब्द पाठ असतात. त्यांच्या मागे इतिहास असतो, हे बऱ्याचदा पाठ नसतं.

टक्का आला कारखान्यातून

आज अपंगत्व म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'किती टक्के?' टक्क्यांची ही भाषा आपल्याकडे रुजली ती मुख्यतः नुकसानभरपाईच्या हिशोबातून.

तळेगावपासूनच सुरुवात करू. लोकांनी एकेक पैसा देऊन उभ्या केलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना इथे १९०८ मध्ये सुरू झाला. स्वदेशीच्या इतिहासात त्याचं नाव आदराने घेतलं जातं. मात्र त्या काळी कामावर जखमी झालेल्या कामगाराला ठरावीक भरपाई देणारा कायदा देशात नव्हता. तो आला १९२३ मध्ये, कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या रूपाने.

या कायद्याला एक परिशिष्ट होतं. कोणता अवयव गेला की कमावण्याची ताकद किती टक्के कमी झाली असं धरायचं, याचा तो तक्ता. मूळ तक्त्यात उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला तर ७० टक्के आणि डावा गेला तर ६० टक्के होते. पाय गुडघ्याच्या खाली गेला तर ५०, एक डोळा गेला तर ३०, अंगठा गेला तर २५, तर्जनी गेली तर १० आणि बाकीचं कोणतंही बोट गेलं तर ५. पुढे हे आकडे बदलत गेले, रचना तीच राहिली.

हा तक्ता चुकीच्या हेतूने केलेला नव्हता. मालकाने 'तुझं काय फार गेलं नाही' म्हणून कामगाराला वाटेला लावू नये म्हणून तो केला होता. प्रेसमध्ये बोट गेलेल्या कामगाराला वाद न घालता भरपाई मिळावी, हे आजच्या चाकण-भोसरी पट्ट्यातही महत्त्वाचं आहे. पण तक्ता नीट चालायचा असेल तर नुकसान मोजता यावं लागतं, आणि मोजायला सगळ्यांत सोपं ते, जे उरलंच नाही. त्यामुळे गेलेलं बोट तक्त्यात सहज बसलं. फुप्फुसात साचलेली धूळ त्यात बसणं अवघड होतं. व्यवसायजन्य रोगांची वेगळी यादी कायद्यात होती, पण ती अगदी आखूड होती. दगडाच्या आणि वाळूच्या बारीक धुळीने होणारा सिलिकोसिस त्या पहिल्या यादीत नव्हता.

याच काळात पुणे परिसरात दुसरी एक परंपरा उभी राहिली, ती युद्धातून. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हाताला काम मिळावं म्हणून १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि पुढे ती खडकीला आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. या संस्थांचं काम मोठं आहे. मात्र त्यामुळे लोकांच्या मनात अपंग माणसाचं एक ठरावीक चित्रही तयार झालं. कुबडी, कृत्रिम पाय, रिकामी बाही. कारखाना आणि रणभूमी या दोन्ही ठिकाणांहून आलेलं अपंगत्व दिसणारं होतं.

जनगणनेने काय विचारलं?

सरकारला कोण दिसतं हे बघायचं असेल तर जनगणनेतले प्रश्न बघावेत. संशोधनात ही एक उपयोगी सवय आहे. उत्तरांचे तक्ते सगळेच वाचतात, प्रश्नावली फार थोडे वाचतात.

१८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत 'व्यंग' या सदराखाली माहिती घेतली जात होती. त्यात अंध, मूकबधिर, वेडसर आणि कुष्ठरोगी असे गट होते. १९४१ मध्ये हा प्रश्न गेला. स्वतंत्र भारतात तो परत आला तो थेट १९८१ मध्ये, आणि तेव्हा गट तीनच ठेवले गेले. पूर्ण अंध, पूर्ण पंगू आणि पूर्ण मुके. 'पूर्ण' या शब्दाकडे लक्ष द्या. अर्धवट दिसणारा, कधी चालू शकणारा आणि कधी न चालू शकणारा माणूस या प्रश्नात कुठेच मावत नाही.

१९९१ मध्ये प्रश्न पुन्हा गायब झाला. २००१ मध्ये पाच गट करून तो परत आला आणि देशात २.१९ कोटी अपंग व्यक्ती नोंदवल्या गेल्या. २०११ मध्ये गट आठ झाले आणि आकडा २.६८ कोटींवर गेला. दहा वर्षांत सुमारे ४९ लाखांची वाढ. यातली किती वाढ खरोखरची आणि किती विचारण्याची पद्धत बदलल्यामुळे, हे नुसत्या बेरजेवरून सांगता येत नाही.

२०११ च्या आठ गटांतला एक गट होता 'इतर कोणतेही'. नोंद झालेल्या अपंग व्यक्तींपैकी सुमारे १८ टक्के या गटात गेल्या. हालचालीच्या अपंगत्वाचा गट सुमारे २० टक्क्यांचा होता. म्हणजे सगळ्यांना चटकन दिसणारा गट आणि नाव न सापडलेला गट जवळजवळ सारख्याच आकाराचे निघाले. या 'इतर' मधले सगळे न दिसणाऱ्या अपंगत्वाचे असतील असं म्हणता येणार नाही. पण जवळपास पाचातला एक माणूस 'माझा त्रास तुमच्या रकान्यांत नाही' असं सांगत असेल, तर रकाने तपासायला हवेत. विज्ञानात 'इतर' हा रकाना फार फुगला की आपण तेच करतो.

एसटीची यादी

आता बसकडे येऊ. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्याची पहिली एसटी धावली. तेव्हापासून एसटीच्या गाडीत दोन वेगवेगळ्या गोष्टी हळूहळू वाढत गेल्या. एक, भाड्यातल्या सवलती. दुसरी, सीटच्या वर रंगवलेली अक्षरं. या दोन गोष्टी आपण एकच समजतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

सवलतींची यादी काढून वाचा. त्यात अंध-अपंग आहेत, ज्येष्ठ नागरिक आहेत, विद्यार्थी आहेत. शिवाय क्षयरोगी, कर्करोगी आणि कुष्ठरोगी आहेत. पुढे त्यात सिकलसेल, हिमोफिलिया, एचआयव्ही आणि डायलिसिसचे रुग्णही आले. ही यादी मला फार बोलकी वाटते. क्षयाचा रुग्ण औषध सुरू झाल्यावर बाहेरून चांगला दिसू शकतो. डायलिसिसवरचा माणूस गर्दीत ओळखू येत नाही. एचआयव्ही तर चेहऱ्यावरून कळूच शकत नाही. म्हणजे न दिसणारा आजार ही कल्पना एसटीला नवी नाही. तिकीट फाडताना एसटीने ती मान्य केली आहे.

यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. या आजारांत उपचारासाठी परत परत तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावं लागतं, आणि भाडं परवडलं नाही की उपचार तुटतात. क्षयाच्या बाबतीत उपचार मधेच सुटणं किती महागात पडतं हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सवलत खिशासाठी होती. शरीराचा विचार तिच्यात नव्हता. भाड्यात सूट मिळाली म्हणजे बसायला जागा मिळाली असं होत नाही.

सीटवरची अक्षरं वेगळ्या यादीतून आली. महिला, अपंग, ज्येष्ठ नागरिक आणि आमदारसुद्धा. एसटीत आमदारांच्या नावाची सीट असते हे आपण लहानपणापासून बघतो आणि त्यावर विनोदही करतो. पण इतिहासाच्या दृष्टीने ती सीट महत्त्वाची आहे. 'राखीव' हा शब्द गरजेसाठी आणि मानासाठी, दोन्हींसाठी एकाच रंगाने रंगवला गेला, हे तिच्यावरून दिसतं.

परिणामी एकाच गाडीत दोन परीक्षा चालतात. तिकिटाची परीक्षा कंडक्टर घेतो, तीही कार्ड बघून. सीटची परीक्षा सहप्रवासी घेतात, तीही शरीर बघून. डायलिसिस करून परत निघालेला माणूस पहिल्या परीक्षेत पास होतो आणि दुसरीत नापास.

४० टक्क्यांची भिंत, १९९५ ते २०१६

अपंग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष केंद्रीय कायदा १९९५ चा. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात सात प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. म्हणजे मानसिक आजारासारखं न दिसणारं अपंगत्व त्या यादीतही होतं. पण व्याख्येतच अट होती की वैद्यकीय अधिकाऱ्याने किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित केलेलं असेल, तरच ती 'अपंग व्यक्ती'. ३९ टक्के निघाले तर कायद्याच्या दृष्टीने तो माणूस अपंग नव्हताच. १९२३ च्या तक्त्यात टक्का भरपाईची रक्कम ठरवत होता. १९९५ मध्ये तो माणूस कोण आहे हे ठरवू लागला. माझ्या मते हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

याच कायद्यात वाहतुकीबद्दल कलम ४४ होतं. आर्थिक कुवतीच्या मर्यादेत रेल्वेचे डबे, बस वगैरे अपंगांना सहज वापरता येतील असे करावेत आणि तिथली स्वच्छतागृहं चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशांना वापरता येतील अशी असावीत, असं ते सांगत होतं. हे आवश्यकच होतं, आणि आजही ते पुरेसं झालेलं नाही. पण इथेही कायद्याच्या डोळ्यांपुढचा प्रवासी चाकाच्या खुर्चीवर बसलेला आहे.

२००७ मध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्यातून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातचे एकवीस प्रकार झाले. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, ऑटिझम, विशिष्ट अध्ययन अक्षमता असे प्रकार आले. यांतले बरेचसे बाहेरून दिसत नाहीत, निदान नेहमी दिसत नाहीत.

यादी वाढली हे सगळेजण सांगतात. व्याख्या बदलली हे त्याहून मोठं आहे. नव्या व्याख्येत टक्काच नाही. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची कमतरता आणि समाजातले अडथळे यांच्या एकत्र परिणामामुळे ज्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही, ती दिव्यांग व्यक्ती, असा तिचा आशय आहे. अडथळ्यांमध्ये लोकांची मनोवृत्तीही धरली आहे. ४० टक्क्यांची अट गेली नाही, पण ती नोकरीतल्या आरक्षणासारख्या काही ठरावीक लाभांसाठीच्या वेगळ्या वर्गाला लावली गेली. म्हणजे 'अपंग कोण' आणि 'कोणता लाभ कोणाला' हे दोन प्रश्न कायद्याने वेगळे केले.

बसच्या संदर्भात याचा अर्थ काय? सीट न मिळणं आणि 'सोंग करतोय' अशा नजरा झेलणं, हेही त्या माणसाच्या अपंगत्वाचा भाग आहे. ते फक्त त्याच्या रक्तपेशींत किंवा मज्जातंतूंत नाही, बसच्या त्या अरुंद वाटेतही आहे.

तरीही दोन याद्या आजही जुळत नाहीत. कर्करोग आणि डायलिसिस एसटीच्या सवलतीत आहेत, पण २०१६ च्या एकवीस प्रकारांत त्यांचं नाव नाही. अपस्मार, हृदयविकार यांचंही नाही. म्हणजे कार्ड दाखवून जागा मिळवायची म्हटलं तर अनेकांकडे दाखवायला कार्डच नसेल.

शरीरात काय चालतं?

मी विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे इथे थोडं थांबते. 'दिसत नाही' म्हणजे 'फारसं नाही' असं का म्हणता येत नाही, ते यंत्रणा समजली की पटतं.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तिथून पुढे रक्त जात नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. पाणी कमी पडणं, थंडी, अतिश्रम यांनी असा झटका येऊ शकतो. भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीत नोंदला गेला आणि १९५८ मध्ये नागपूरहून मध्य भारतातल्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. विदर्भात त्याचं प्रमाण लक्षणीय आहे, आणि विदर्भातून कामासाठी चाकण-तळेगावच्या एमआयडीसीत येणारी मुलं आपण रोज बघतो. लेखाच्या सुरुवातीचा मुलगा अगदीच काल्पनिक नाही तो यासाठी.

हिमोफिलियात रक्त नीट गोठत नाही आणि गुडघ्यासारख्या सांध्याच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. वारंवार असं झालं की सांधा कायमचा खराब होतो. पॅंटच्या आतला गुडघा कोणाला दिसतो? मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं आणि अंग तापलं की लक्षणं तात्पुरती वाढतात. एप्रिलमधली भरलेली बस अशा माणसाला अर्ध्या तासात थकवून टाकते. काहींना उभं राहिलं की नाडी एकदम वाढते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. गरोदरपणाचे पहिले तीन महिने मळमळ आणि थकव्याचे असतात, पण पोट तेव्हा दिसत नसतं.

या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे. त्रास रोज सारखा नसतो. काल उभा राहून गेलेला माणूस आज उभा राहू शकत नाही. टक्का मात्र कार्डावर एकदाच छापला जातो. बदलत राहणारी गोष्ट स्थिर आकड्याने मोजली की चूक होणारच.

खूण आणि शब्द

नजर घडवण्यात चित्राचाही मोठा हात आहे. निळ्या चौकोनात पांढऱ्या रेषांची चाकाची खुर्ची ही जगभरची खूण १९६८ मध्ये सुझान कोफोएड या डॅनिश विद्यार्थिनीने काढली. तिच्या मूळ चित्रात डोकं नव्हतं, नुसती खुर्ची होती. नंतर वर गोल काढून तिचा माणूस केला गेला. उतार कुठे आहे, रुंद दार कुठे आहे हे सांगायला ही खूण उत्तम आहे. पण हीच खूण सीटवर लावली की 'चाकाची खुर्ची नाही म्हणजे तू नाही' असा अर्थ निघतो. गंमत म्हणजे चाकाची खुर्ची असलेल्याला सीटची नाही, मोकळ्या जागेची गरज असते.

शब्दांचंही तसंच. अपंग, विकलांग, दिव्यांग. शब्द बदलत गेले, २०१६ नंतर सरकारी पाट्याही बदलल्या, आणि महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला. पण तिन्ही शब्दांत कानाला 'अंग' ऐकू येतंच. उलट बाजूचा आपला शब्द 'धडधाकट', त्यातही धडच. वेदना, थकवा, भीती, चक्कर यांना या शब्दांत जागा नाही.

बाकीच्यांनी काय केलं?

हा पेच फक्त आपला नाही. जपानमध्ये १५ सप्टेंबर १९७३ ला, ज्येष्ठांच्या सन्मानदिनी, रेल्वेने 'सिल्व्हर सीट' सुरू केल्या. त्या वयस्कर आणि अपंग प्रवाशांसाठी होत्या. पुढे त्यांचं नाव बदलून 'प्राधान्य सीट' झालं, कारण गरज फक्त वयाशी बांधलेली नाही हे लक्षात आलं. तरी न दिसणाऱ्यांचा प्रश्न उरलाच. म्हणून २०१२ मध्ये टोकियोत लाल रंगाचा 'हेल्प मार्क' आला, बॅगेला अडकवायचा. कृत्रिम सांधा असलेले, गरोदर स्त्रिया, आतले आजार असलेले लोक तो वापरतात. लंडनमध्ये गरोदर स्त्रियांसाठी बिल्ला आधीपासून होता. २०१७ मध्ये 'मला बसायला जागा द्याल का' अशा अर्थाचा निळा बिल्ला सुरू झाला. तो मिळवायला आजार सांगावा लागत नाही, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण मुंबई लोकलचं. तिथल्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना आणि गरोदर स्त्रियांना परवानगी आहे. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून लोक येतात, त्यामुळे ही गरज तिथे टाळता येण्यासारखी नव्हतीच. पण त्या डब्यातही आत कोण शिरू शकतो हे कागदावर ठरतं, आणि बाहेरून ठीक दिसणाऱ्याला 'तुम्ही इथे कसे' हा प्रश्न चुकत नाही.

बिल्ल्याचे फायदे उघड आहेत, तोटाही आहे. आपला आजार छातीवर लावून फिरायचं ओझं आजारी माणसावरच येतं. आपल्याकडे तर क्षय, अपस्मार, मानसिक आजार यांच्यामुळे लग्न मोडतात, नोकऱ्या जातात. तिथे बिल्ला लावा म्हणणं सोपं नाही.

'राखीव' की 'प्राधान्य'?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि मार्च २०२० पासून बसमध्ये दिव्यांगांसाठी प्राधान्य सीट, त्यांच्या खुणा, कुबड्या-काठी ठेवायची सोय, धरायला दांडे अशा गोष्टी आवश्यक ठरल्या. नियमाचा शब्द 'प्राधान्य' आहे. आपल्या बोलण्यात आणि पाट्यांवर मात्र 'राखीव'.

फरक फक्त भाषेचा नाही. 'राखीव' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'तू कोण? पुरावा दाखव.' 'प्राधान्य' म्हटलं की प्रश्न येतो, 'आत्ता इथे कोणाला जास्त गरज आहे?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर यादीत शोधावं लागतं, दुसऱ्याचं विचारून मिळतं. कोणतीही यादी पुरी पडणार नाही, हे १८७२ पासूनच्या प्रश्नावल्या आपल्याला सांगतातच.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की मग कोणीही खोटं बोलेल. बोलतील काही. पण हिशोब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. एका ठणठणीत माणसाने खोटं बोलून सीट घेतली तर दुसऱ्या कोणाला तरी विचारून जागा मिळू शकते. खऱ्या आजारी माणसाला खोटारडा ठरवून उठवलं तर तो बसमध्ये कोसळू शकतो, आणि पुढच्या वेळी तो सीट मागणारच नाही. दोन्ही चुका आहेत, पण त्यांचं मोल सारखं नाही. सांख्यिकीत आपण हे पहिल्याच वर्षी शिकतो आणि बसमध्ये चढलो की विसरतो.

तुम्ही यावर संशोधन करणार असाल तर

या विषयावर हमखास सुचणारा प्रकल्प असा: चार विद्यार्थी बसमध्ये उभे करायचे आणि राखीव सीटवर किती 'सक्षम' लोक बसले आहेत ते मोजायचं. निष्कर्ष तयारच असतो, 'इतके टक्के गैरवापर'. हा प्रकल्प करू नका. निरीक्षकाला सक्षमता दिसत नाही, त्याला फक्त देखावा दिसतो. जे मोजायचंय आणि जे मोजलं जातंय, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नमुना कितीही मोठा घेतला तरी ही चूक कमी होत नाही, उलट ती जास्त खात्रीने छापली जाते.

त्यापेक्षा सवलतींची जुनी परिपत्रकं आणि राजपत्रं वर्षांप्रमाणे लावा आणि कोणता आजार कधी आत आला ते बघा. आगारातल्या जुन्या गाड्यांवरच्या पाट्यांचे फोटो जमवा. पीएमटी आणि पीसीएमटी २००७ मध्ये एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, तेव्हा दोन्हींच्या सीटच्या वाटण्या एकसारख्या होत्या का, हा छोट्या शोधनिबंधाचा विषय आहे. निवृत्त कंडक्टरांशी बोला. सीटवरून झालेली भांडणं त्यांनी कशी मिटवली हे कोणत्याही फायलीत नाही. आणि मुलाखतीत कोणालाही आजाराचं नाव सांगायला भाग पाडू नका. 'उभं राहून प्रवास करताना काय होतं?' एवढा प्रश्न पुरतो.

आणि बसमध्ये?

बसण्याची गरज नसेल तर त्या सीटवरून आपणहून उठावं, हा नियम स्वतःसाठी. दुसऱ्यासाठी नियम एकच, आजाराची चौकशी करायची नाही. जागा हवी असेल तर सीटवर बसलेल्या एकालाच धारेवर धरण्यापेक्षा, "कोणी जरा जागा देता का, मला उभं राहवत नाही," असं सगळ्यांना उद्देशून म्हणावं. दुसऱ्या कोणासाठी मागतानाही तसंच. कोणी म्हणालं, "काका, मला आज उभं राहता येणार नाही," तर ते उत्तर पूर्ण समजावं. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपल्याकडे म्हणतात. बसमध्ये आपल्याला ते कळायची गरजच नाही, त्याने सांगितलेलं मानलं तरी पुरे.

त्या मुलाला उठवायचं की नाही, हे मग यादी बघून किंवा शरीर बघून ठरत नाही. त्याला विचारून ठरतं. तोपर्यंत आजोबांना जागा द्यायला बसमध्ये आणखी चाळीस सीट आहेत, आणि त्यांतल्या एखाद्यावर आपणही बसलेले असतो.